मे महिन्यात चकचकीत पॉलिश, गणपतीला पोपडे : उघड्यावरचा लाकडी डेक रंगवताना नेमकं काय चुकतं?

कोकणात गेल्या काही वर्षांत होमस्टे वाढले, तसे लाकडी डेकही वाढले. कुणी माडाच्या बागेत खांबांवर उभारलेला, कुणी माडीसमोर गॅलरीसारखा बाहेर काढलेला, कुणी अंगणाच्या कडेला समुद्राकडे तोंड करून बांधलेला. पाहुण्यांना तिथे बसून चहा प्यायला आवडतं, घरातल्या म्हाताऱ्या माणसांना संध्याकाळी टेकायला बरं वाटतं. पण हा डेक एक-दोन पावसाळ्यांत काळा पडतो, पोपडे निघतात, फळ्या वाकतात. मग मालक रंगाऱ्याला दोष देतो, रंगारी सुताराला आणि सुतार लाकडाला.

आमच्याच घरचं सांगतो. माडीसमोरच्या डेकला आम्ही मे महिन्याच्या अखेरीस घाईघाईने पॉलिश मारून घेतलं. घरातल्या दारांना वापरतात तेच, पारदर्शक आणि चकचकीत. पंधरा दिवस डेक आरशासारखा दिसला. मग पाऊस लागला. गणपतीत घर माणसांनी भरलं तेव्हा पोपडे कांद्याच्या सालीसारखे सुटत होते. पुढच्या वर्षी त्यावरच आणखी एक हात मारला. तिसऱ्या पावसाळ्यात आत्या चालताना एका फळीचं टोक मोडलं आणि तिचा पाय घोट्यापर्यंत आत गेला. नशीब, मुरगळण्यावर निभावलं. वरून फळी धडधाकट दिसत होती. खालून तिचा भुसा झाला होता.

पैसे तर गेलेच, पण माणूस पडला असता तर? म्हणून हा विषय नुसत्या शोभेचा नाही. डेकचं काम करून घेण्याआधी रंगाऱ्याशी काय बोलायचं, कोणतं काम केव्हा करायचं आणि कुठे फसगत होते, ते समजून घेऊ.

लाकूड खराब कशाने होतं?

तीन गोष्टींनी : पाणी, ऊन आणि किडे-बुरशी.

लाकूड पाणी पितं आणि फुगतं, वाळलं की आकसतं. फळी लांबीत जवळजवळ बदलत नाही, रुंदीत मात्र बदलते. पावसाळ्यात फुगायची, मार्चमध्ये आकसायची, हे दरवर्षी चालू राहतं. त्यावरचा रंग कडक असेल तर तो लाकडाबरोबर ताणला जात नाही आणि तडकतो. त्या बारीक तड्यातून पाणी आत शिरतं, पण वरच्या थरामुळे बाहेर पडत नाही. लाकूड नुसत्या पाण्याने मरत नाही, अडकलेल्या पाण्याने मरतं. भिजून दिवसभरात सुकलं तर ते वर्षानुवर्षं टिकतं. लाकडातला ओलावा २० टक्क्यांच्या वर बरेच दिवस राहिला की कुजवणाऱ्या बुरशीला रान मोकळं होतं. सिंधुदुर्ग-रत्नागिरीत वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या आसपास आणि काही ठिकाणी त्याहून जास्त पाऊस पडतो. इथे चार महिने लाकूड ओलंच असतं, हे धरूनच चालायचं.

दुसरा शत्रू ऊन. लाकडाचे धागे एकमेकांना धरून ठेवणारं लिग्निन नावाचं द्रव्य असतं. उन्हातले अतिनील किरण ते तोडतात. वरचा थर सैल होऊन राखाडी पडतो. पारदर्शक पॉलिशमधून हे किरण आरपार जातात. म्हणजे पॉलिश वर शाबूत दिसतं, पण त्याखालचं लाकूड सुटं होतं आणि सुट्या लाकडावरून पॉलिशचा पापुद्रा निघतो. आमच्या डेकचं हेच झालं. घरातल्या दाराला तेच पॉलिश वीस वर्षं टिकतं, कारण तिथे ना ऊन ना पाऊस.

तिसरी वाळवी आणि भुंगा. त्यांचं पुढे बघू.

स्टेन, पॉलिश आणि ऑइलपेंट यांत फरक काय?

दुकानात गेलं की दहा डबे समोर येतात. कामापुरते त्यांचे दोनच गट.

पहिला गट वर थर धरणाऱ्यांचा : ऑइलपेंट, व्हार्निश, पीयू पॉलिश. हे लाकडावर कातडीसारखे बसतात. दिसायला छान, पण एकदा फाटले की पूर्ण खरवडून काढावे लागतात. त्याशिवाय नवा हात धरत नाही.

दुसरा गट आत मुरणाऱ्यांचा : तेलावर बनलेले बाहेरच्या कामाचे वुड स्टेन आणि डेक ऑइल. हे लाकडात शिरतात, वर जाड थर ठेवत नाहीत. त्यात रंगद्रव्य असेल तर ते उन्हाचे किरण अडवतं. पोपडे सुटत नाहीत, रंग हळूहळू फिका होतो. फिका झाला की धुऊन, हलका घासून पुन्हा एक हात मारला की झालं.

यावरून सोपा नियम असा. पायाखालच्या आडव्या फळ्यांना आत मुरणारा, रंग असलेला स्टेन. त्यांच्यावर पाणी साचतं, ऊन थेट पडतं, चपला घासतात. थर धरणारा रंग तिथे टिकत नाही, शिवाय ओला झाला की निसरडा होतो. रेलिंग, खांब, छताखालचे वासे उभे किंवा आडोशाला असतात. त्यांना प्रायमर मारून बाहेरचा ऑइलपेंट चालतो.

"एकदम पारदर्शक द्या, लाकूड दिसलं पाहिजे," असं बरेच जण सांगतात. पण उघड्यावर जितका रंग कमी तितकं संरक्षण कमी. सागवानी किंवा अक्रोडी छटेचा, धागे दिसतील असा स्टेन हा मधला मार्ग.

आपल्याकडचे जुने उपाय

जुन्या लोकांना हे कळत नव्हतं असं नाही. कौलारू घराची पाख पुढे इतकी ओढलेली असायची, की पागोळ्या पडवीच्या बाहेर पडत. पावसाच्या तोंडी पडवीला झापांचा आडोसा बांधत. म्हणजे लाकडावर पाणी येऊच द्यायचं नाही, ही पहिली रीत. किनाऱ्यावर होड्यांना काजूच्या टरफलाचं तेल किंवा मासळीचं तेल लावायची चाल होती. सुतार मंडळी घरच्या लाकडाला जवसाचं बेलतेल चोळत.

बेलतेल आजही वाईट नाही, पण उघड्या डेकवर ते एकटं पुरत नाही. आपल्या दमट हवेत नुसत्या जवसाच्या तेलावर काळी बुरशी लवकर चढते. काजूच्या टरफलाचं तेल कातडीला भाजतं, हात उघडे ठेवून ते लावू नये.

एक उपाय मात्र कायमचा बंद करायला हवा. गाडीचं जळकं ऑइल. गॅरेजमधून फुकट मिळतं म्हणून कुंपणाला, वाशांना, आता डेकलाही फासतात. ते वाळत नाही, कपड्यांना आणि पायांना लागतं, पावसात धुपून मातीत आणि विहिरीकडे जातं. त्यातले जड धातू आरोग्याला घातक असतात. आणि एकदा जळकं ऑइल प्यालेल्या फळीवर नंतर चांगला स्टेन धरतच नाही.

काम कधी काढायचं?

पावसाळा संपला की लगेच नाही आणि पाऊस तोंडावर आला की मुळीच नाही. ऑक्टोबरमध्ये लाकूड आतून ओलं असतं. डिसेंबर ते मार्च हा आपल्याकडे सर्वांत चांगला काळ. एप्रिलपासून ऊन इतकं तापतं, की स्टेन आत मुरण्याआधीच वर सुकतो आणि पट्टे उठतात. मेमध्ये वळिवाचा भरवसा नसतो. शिवाय आंबा-काजूच्या हंगामात चांगली माणसं बागेत अडकलेली असतात.

थंडीत एक अडचण आहे, दव. सकाळी डेक कोरडा वाटला तरी फळ्यांच्या फटीत ओल असते. म्हणून दहाच्या पुढे काम सुरू करायचं आणि दुपारी तीन-चारला हात थांबवायचा, म्हणजे रात्रीचं दव पडण्याआधी स्टेन ओढला जातो. थेट उन्हातल्या फळ्यांऐवजी सावली आलेल्या बाजूने काम पुढे न्यायचं.

लाकूड वाळलंय का, हे बघायला ओलावा मोजायचं छोटं यंत्र मिळतं. आकडा १५ टक्क्यांच्या आसपास किंवा खाली हवा. यंत्र नसेल तर फळीवर पाण्याचे चार थेंब टाका. थेंब मोत्यासारखे वरच राहिले तर जुनं पॉलिश अजून आहे किंवा लाकूड पाणी घेण्याच्या स्थितीत नाही. काही मिनिटांत आत शोषले गेले तर लाकूड स्टेन घेईल.

चांगला रंगारी काय क्रमाने करतो?

१. आधी तपासणी. ब्रश उघडण्याआधी तो पेचकस घेऊन डेकच्या खाली शिरतो. फळ्यांची टोकं, खांबाचा मातीजवळचा भाग, तुळई आणि फळी भेटते ती जागा टोचून बघतो. पेचकस सहज आत गेला तर ती फळी बदलायची. कुजलेल्या लाकडावर रंग मारणं म्हणजे दुखणं झाकणं. रेलिंग धरून जोरात हलवून बघायचं. माडीवरच्या डेकचं रेलिंग हललं तर पहिला सुतार, मग रंगारी.

२. खिळे-स्क्रू. वर आलेले खिळे काढून स्क्रू मारायचे. सागवान, ऐन यांसारख्या लाकडात टॅनिन असतं. साध्या लोखंडाशी ते ओलाव्यात मिसळलं की काळे डाग पडतात. त्यामुळे स्टेनलेस स्टीलचे स्क्रू वापरावेत. समुद्राच्या जवळ ३१६ दर्जाचे घेतले तर खाऱ्या हवेत ते जास्त टिकतात.

३. धुणं. शेवाळ आणि काळेपणा काढण्यासाठी सोडियम परकार्बोनेटसारखा ऑक्सिजनवाला क्लीनर आणि नायलॉनचा ब्रश. कपड्यांचं ब्लीच टाळावं, त्याने लाकडाचे धागे कमजोर होतात. तारेचा ब्रशही नको, त्याचे बारीक तुकडे फळीत अडकून गंजतात. गाड्या धुण्याचा प्रेशर पंप फार जवळून मारला तर लाकूड पिंजल्यासारखं होतं. लोखंडाचे काळे डाग ऑक्झॅलिक आम्लाने निघतात, पण ते विषारी आहे. हातमोजे, चष्मा हवा, मुलं आणि गुरं लांब हवीत आणि नंतर भरपूर पाण्याने धुवायला हवं.

४. वाळवणं. धुतल्यावर निदान दोन-तीन कोरडे दिवस द्यायचे. "सकाळी धुतो, दुपारी मारतो," असं कुणी म्हणालं तर त्याला नमस्कार करा.

५. घासणं. ६० किंवा ८० नंबरचा पॉलिश पेपर, धाग्याच्या दिशेने. इथे घरातल्या फर्निचरची सवय नडते. फार बारीक पेपरने गुळगुळीत केलं तर लाकूड स्टेन कमी पितं. फळ्यांच्या भेगांत लांबी भरू नये. उघड्यावर फळी हलते आणि लांबी सुटून बाहेर येते.

६. टोकं आधी. फळीच्या कापलेल्या टोकातून पाणी सपाट बाजूपेक्षा कितीतरी पटीने जास्त शिरतं. आमची फळीही टोकातूनच कुजली. म्हणून टोकांना आधी दोन-तीन वेळा स्टेन पाजायचा. नवा डेक असेल तर फळ्या ठोकण्याआधीच सहाही बाजूंना हात मारून घ्यायचा. नंतर खालची बाजू हाती लागत नाही.

७. स्टेन. डबा तळापासून ढवळायचा, कारण रंग खाली बसतो. दोन-तीन फळ्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एका दमात पूर्ण करायच्या. मध्येच थांबलं तर जोड दिसतो. पंधरा-वीस मिनिटांनी जो स्टेन आत मुरला नाही तो कापडाने पुसून घ्यायचा. हे न केल्यामुळे डेक महिनाभर चिकट राहतो. दुसरा हात डब्यावर दिलेल्या वेळेनुसार, आणि लाकूड पीत असेल तरच.

चिंधीने आग लागते, हे खरं आहे

जवसाचं तेल किंवा तेलाचा स्टेन पुसलेली कापडं बोळा करून कोपऱ्यात टाकली तर ती आपोआप पेट घेऊ शकतात. तेल वाळताना हवेतला ऑक्सिजन घेतं आणि उष्णता तयार होते. बोळ्यात ती उष्णता अडकते. काडी लावायची गरज नसते. म्हणून ही कापडं मोकळ्या जागेत एकेक पसरून पूर्ण वाळवायची किंवा पाणी भरलेल्या पत्र्याच्या डब्यात बुडवून ठेवायची. गोठ्यात, लाकडाच्या खोपीत, गवताच्या उडवीजवळ तर मुळीच नाही.

रंग म्हणजे वाळवीचं औषध नव्हे

स्टेनने पाणी अडतं, वाळवी नाही. वाळवी मातीतून नळीसारखी वाट करून वर चढते. त्यामुळे लाकडी खांब थेट मातीत पुरू नये. खाली जांभ्याचा किंवा काँक्रीटचा चौथरा आणि त्यावर लोखंडी बूट, म्हणजे वाळवीची वाट डोळ्यांना दिसते. डेकखाली पालापाचोळा, सोडणं, जुनी लाकडं साठवू नका. वारं खेळू द्या. औषध मारायचं असेल तर माहीतगार माणसाकडून आणि विहिरीपासून लांब.

लाकूडही बघून घ्यावं. सागवानाचा आतला गडद गाभा आणि फणसाचा पिवळा गाभा टिकाऊ. त्याच झाडाचा बाहेरचा पांढरट भाग मात्र लवकर किडतो, मग बिलावर सागवान लिहिलेलं असलं तरी. आंब्याच्या फळ्या डेकला नकोत.

हिरवट छटेचं, औषध पाजलेलं पाइन लाकूड हल्ली बरंच येतं. ते औषध तांबं, क्रोमियम आणि आर्सेनिकचं असू शकतं. अशा लाकडाचे तुकडे चुलीत किंवा पाणी तापवायच्या बंबात कधीही घालू नका. धुरात आणि राखेत आर्सेनिक राहतं. अशीच काळजी जुन्या रंगाची. घरगुती रंगांतल्या शिशावर ९० पीपीएमची मर्यादा देशात नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली. त्याआधीचा रंग कोरडा घासताना शिशाची धूळ उडू शकते. तोंडाला चांगला मास्क लावा, पाणी मारून ओलं घासा आणि लहान मुलं, गरोदर बाई यांना लांब ठेवा.

हिशेब कसा तपासायचा?

समजा डेक १२ फूट बाय १० फूट, म्हणजे १२० चौरस फूट. डब्यावर लिहिलंय, एका लिटरला १०० चौरस फूट. म्हणजे एका हाताला १.२ लिटर, दोन हातांना २.४ लिटर. पण डब्यावरचा आकडा गुळगुळीत फळीचा असतो. जुनं, भेगाळलेलं लाकूड त्याहून बरंच जास्त पितं, शिवाय टोकं आणि कडा वेगळ्या. अशा डेकला कुणी दीड लिटरमध्ये दोन हात सांगत असेल, तर तो एक तर थिनर वाढवणार किंवा एकच हात मारणार.

काम देताना कागदावर चार ओळी तरी लिहून घ्या :

- धुणं, घासणं, फळ्या बदलणं दरात धरलंय की वेगळं?
- कोणता स्टेन, किती हात, आणि डबा तुमच्यासमोर फुटणार का?
- रेलिंगचा दर चौरस फुटाने की रनिंग फुटाने?
- खालची बाजू आणि टोकं कामात आहेत ना?
- एका पावसाळ्यात पोपडे सुटले तर काय?

सगळे पैसे आगाऊ देऊ नका. पण स्वस्तात करून देण्यासाठी रंगाऱ्याच्या मागेही लागू नका. या कामात निम्म्याहून जास्त मेहनत रंगाच्या आधीची असते. दर पाडला की पहिल्यांदा तीच कापली जाते.

नंतर काय?

दर महिन्याला फटींतला कचरा काढायचा. तिथे पाला साचला की पाणी अडतं. कुंड्या थेट फळीवर ठेवू नका, खाली पाय द्या. नवरात्राच्या सुमारास एकदा धुऊन घ्या, जानेवारीत थेंबांची परीक्षा करा. थेंब शोषले जाऊ लागले की नव्या हाताची वेळ झाली. आपल्या पावसात पूर्ण उघड्या डेकला वर्ष-दोन वर्षांनी एक हात लागतोच. जो रंगारी "दहा वर्षं बघायला नको" म्हणतो, त्याच्याकडे तुम्हीच बघू नका.

आमच्या डेकच्या सात फळ्या बदलल्या, जुनं पॉलिश खरवडलं, टोकांना स्टेन पाजला. खर्च पहिल्या वेळेच्या दुपटीहून जास्त झाला. आता तो चमकत नाही. पण यंदा गणपतीत आत्या पुन्हा तिथेच खुर्ची टाकून बसली होती.